अनुभव आमचा, साक्ष कुणाची?

कॅनडा सरकार आत घेण्याआधी माणसाला चक्क गुण देतं. ही पद्धत १९६७ पासूनची. २०१५ मध्ये ती ‘एक्स्प्रेस एंट्री’ नावाने संगणकावर आली आणि १,२०० गुणांची झाली. वय, शिक्षण, इंग्रजी-फ्रेंच, नोकरीची वर्षं, जोडीदाराचं शिक्षण, सगळ्याचे आकडे ठरलेले. तिशी गाठली की वयाचे गुण दरवर्षी गळायला लागतात. सांगलीच्या वालचंद कॉलेजातली माझी सिव्हिलची पदवी, त्यापुढचं एम.टेक., पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत नगरपालिकांच्या पाणीपुरवठा योजनांची डिझाइन करण्यात गेलेली वर्षं, या साऱ्याला गुण मिळाले आणि भरपूर मिळाले. २०१८ साली नवरा, मुलगी आणि मी टोरांटोजवळच्या मिसिसागाला उतरलो ते त्या गुणांच्या जोरावर.

त्यानंतर ती गुणपत्रिका कुणीही बघायला मागितली नाही.

याचं कारण साधं आहे, पण पुण्यात बसून अर्ज भरताना कुणी ते समजावून सांगत नाही. कायम वास्तव्याचा परवाना देतं केंद्र सरकार. अभियंता म्हणून सही-शिक्क्याचा अधिकार देते प्रांताची नियामक संस्था; ओंटारियोत ती ‘प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारियो’. आणि पगार देतो मालक. हे तिघं एकमेकांना काही विचारत नाहीत. केंद्राने ज्या अनुभवासाठी आम्हाला बोलावलं, तोच अनुभव मालकाच्या टेबलावर आला की ‘परदेशी’ ठरतो.

मी आले तेव्हा अभियंत्याच्या परवान्यासाठी चार वर्षांचा अनुभव लागायचा आणि त्यातले किमान १२ महिने कॅनडातल्या परवानाधारक अभियंत्याच्या हाताखाली काढलेले असावे लागायचे. ते १२ महिने मिळवायला नोकरी हवी, आणि नोकरीच्या जाहिरातीत पहिलीच ओळ असायची, ‘कॅनेडियन अनुभव आवश्यक’. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना, यातली गत.

आता नीट बोलायचं तर इथल्या आणि तिथल्या कामात फरक आहे, आणि तो मी नाकारत नाही. पुण्यात आम्ही दरडोई १३५ लिटर धरून हिशेब मांडायचो. इथे घरं लाकडी, त्यामुळे आग विझवायला लागणारा प्रवाहच अनेकदा पाइपचा व्यास ठरवतो. हिवाळ्यात जमीन गोठते म्हणून मुख्य जलवाहिनी दीड मीटरहून खोल टाकावी लागते. मानकं वेगळी, कंत्राटाची भाषा वेगळी, पर्यावरण खात्याच्या मंजुरीची रीत वेगळी. हे शिकावंच लागतं. पण शिकायला वर्षं लागत नाहीत. पाइपमधला दाब किती घटेल हे काढायचं हेझन-विल्यम्सचं सूत्र दोन्हीकडे तेच. ‘इपानेट’ हे मोफत सॉफ्टवेअर सांगली जिल्ह्यातल्या जतमध्येही चालतं आणि टोरांटोतही. शिवाय जिथे पाणी दिवसाआड सुटतं आणि सुटल्याबरोबर अख्खं गाव एकाच वेळी नळ उघडतं, तिथलं वितरणाचं जाळं डिझाइन करणं हे चोवीस तास पाणी असलेल्या शहरापेक्षा अवघड काम आहे. हे मी मुलाखतींत सांगायला जायचे. समोरचा सौजन्याने मान हलवायचा.

‘लोकांच्या जिवाशी संबंध आहे, म्हणून स्थानिक अनुभव हवा’ हा युक्तिवाद इथे नेहमी ऐकू येतो. माझ्याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. मे २००० मध्ये ओंटारियोतल्या वॉकर्टन या छोट्या गावात नळाच्या पाण्यात ई. कोलाय जिवाणू शिरले. सात माणसं गेली, २,३०० च्या आसपास आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशीत जे निघालं ते प्रत्येक पाणीपुरवठा अभियंत्याने वाचावं असं आहे. क्लोरिन नीट मोजलंच जात नव्हतं, नोंदवहीत मनाचे आकडे भरले जात होते. आणि ते भरणारी माणसं कुठून परदेशातून आलेली नव्हती. तिथेच वाढलेली, वर्षानुवर्षं त्याच खात्यात काम केलेली. व्यवस्थापकाला तर या विषयातलं औपचारिक शिक्षण नसताना, जुना माणूस म्हणून प्रमाणपत्र मिळालेलं. स्थानिक अनुभव त्यांच्याकडे हवा तेवढा होता. नव्हतं ते क्लोरिनचं ज्ञान.

नियम बदलले, हेही सांगायला हवं. ओंटारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच म्हटलं होतं की सरसकट कॅनेडियन अनुभव मागणं हा प्रथमदर्शनी भेदभाव आहे. २०२१ मध्ये प्रांताने कायदा करून नियामक संस्थांना अशी अट घालायला मनाई केली. मे २०२३ मध्ये अभियंत्यांच्या संस्थेने ती १२ महिन्यांची अट काढून टाकली. आणि १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीत ‘कॅनेडियन अनुभव’ मागताच येत नाही; मुलाखत घेतली तर ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे कळवावंही लागतं. चांगलंच झालं. पण जाहिरातीतून ओळ गेली म्हणून वाचणाऱ्याच्या मनातून ती जाईल, अशा भ्रमात मी नाही.

टोरांटो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी टोरांटो परिसरातच एक प्रयोग केला होता. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. खऱ्या जाहिरातींना हजारो बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी ठेवून कुठे नाव इंग्रजी वळणाचं, कुठे भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी. कुठे अनुभव इथला, कुठे बाहेरचा. भारतीय नाव किंवा परदेशी अनुभव असलेले अर्ज मागे पडले, हे अपेक्षितच. मला विचारात पाडलं ते पुढच्या भागाने. अर्जदाराने बहुराष्ट्रीय कंपनीत काम केल्याचं लिहिलं, नामांकित कॉलेजचं नाव दिलं, भाषेवर प्रभुत्व असल्याचं स्पष्ट नोंदवलं, तरी फरक पडला नाही. कारण विचारलं तेव्हा भरती करणारे भाषेची अडचण पुढे करत होते.

म्हणजे कागदावर आणखी चार ओळी वाढवून हे सुटणार नाही. तरी आम्ही नवे लोक तेच करत बसतो. आणखी एक सर्टिफिकेट, आणखी एक ऑनलाइन कोर्स, बायोडेटाचा नवा साचा.

मी आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. भरतीचे अर्ज माझ्याकडेही येतात. त्यामुळे मालकाची भीती मला कळते. कॉलेजचं नाव अनोळखी, कंपनीचं नाव अनोळखी, संदर्भ म्हणून दिलेला फोन नंबर अशा देशातला जिथे आत्ता मध्यरात्र आहे. लहान कंपनीत एक माणूस चुकीचा निवडला तर वर्षभराचं काम बिघडतं. त्याला हवं असतं एवढंच, की ओळखीतल्या कुणीतरी म्हणावं, ‘हिला एकदा बघ.’ स्थानिक अनुभवाच्या नावाखाली तो खरं तर साक्षीदार मागत असतो. म्हणूनच इथल्या कितीतरी कंपन्या आपल्या कर्मचाऱ्याने माणूस सुचवला आणि तो टिकला तर सुचवणाऱ्याला बक्षीस देतात. ओळखीने नोकरी म्हटलं की आपण नाक मुरडतो. इथे तो उघड मार्ग आहे आणि बराच रहदारीचा आहे.

मग आमचे साक्षीदार कोण? इथे मला माझ्याच माणसांशी भांडायचं आहे.

आम्ही आलो तेव्हा मराठी मंडळींनी काय केलं नाही? गाद्या दिल्या, कुकर दिला, तळघरातली जागा शोधून दिली, ‘सिन’ म्हणजे सामाजिक विम्याचा क्रमांक काढायला सोबत आले, मुलीच्या शाळेचा फॉर्म भरून दिला. पहिल्या दिवाळीला चार घरांतून फराळ आला. त्या ऋणात मी आहे. पण नोकरीचा विषय निघाला की प्रत्येकाकडून एकच गोष्ट मिळायची: ब्रॅम्प्टनमधल्या वेअरहाऊसला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा नंबर. ‘अगं, आधी कुठेतरी चिकट. मग बघू.’ हे सांगणाऱ्यांत महापालिकेत अभियंता असलेले काका होते, बँकेत वरच्या हुद्द्यावरच्या ताई होत्या, स्वतःची कन्सल्टन्सी चालवणारे एक जण होते. एकानेही म्हटलं नाही, की तुझा बायोडेटा दे, मी उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आम्हीही यातूनच गेलोय.’

वेअरहाऊसला मी कमी लेखत नाही. स्टीलच्या टोपीचे सेफ्टी शूज घालून रात्रपाळीत हातातल्या स्कॅनरमागे धावणं हे घाम काढणारं काम आहे आणि त्याच पैशातून आमचं भाडं गेलं. इथे त्याला सगळे ‘सर्व्हायव्हल जॉब’ म्हणतात. तो करावा लागतो, पण त्याचा सल्ला देऊ नये. कारण त्याची किंमत नंतर कळते. पाळी संपवून सकाळी घरी आल्यावर अर्ज लिहायला डोकं चालत नाही. वर्ष सरतं, आणि पुढच्या मुलाखतीत आधीच्या प्रश्नासोबत नवा प्रश्न येतो, ‘हे मधलं वर्ष तुम्ही इंजिनिअरिंग सोडलं होतं का?’

मला हात दिला तो मराठी माणसाने नव्हे. वेअरहाऊसमध्ये माझ्या शेजारच्या रांगेत जाफन्याहून आलेले एक वयस्कर तमिळ गृहस्थ होते, स्कारबरोला राहणारे. तरुणपणी सर्व्हेअर होते. जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी लेव्हलिंगबद्दल बोलायचे, आम्हा दोघांनाही तेवढाच विरंगुळा. त्यांचा भाचा एका छोट्या सल्लागार कंपनीत होता. त्यांनी माझा बायोडेटा मागून घेतला, भाच्याला दिला, भाच्याने साहेबांना. साहेबांनी मुलाखतीत शिक्षणाविषयी फारसं विचारलं नाही. संगणकावर एका गावाच्या जलवितरणाचं मॉडेल उघडून दिलं. म्हणाले, एका भागात दाब जुळत नाहीये, तासभर बघ. एका नोडची उंची मीटरऐवजी फुटांत भरली गेली होती. असल्या चुका पुण्यात नव्या पोरांच्या फायलींत मी नेहमी पकडायचे. दुसऱ्या आठवड्यापासून तासाच्या पगारावर टेक्निशियन म्हणून कामाला लागले. हुद्दा माझ्या पुण्यातल्या ज्युनिअरहून खालचा होता, तरी हरकत नव्हती.

मालकांना माझं म्हणणं एवढंच आहे की तासभराचं काम देऊन बघा. त्या वेळेचे पैसे द्या, हवं तर. पाच फेऱ्यांच्या मुलाखतींत ‘संघात मिसळाल का’ विचारत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मोठ्या कंपन्यांना धोरण, वकील, मंजुऱ्या लागतील; लहान कंपन्यांना आज दुपारीही जमेल.

आणि स्थिरावलेल्या मराठी माणसाला म्हणणं आहे की साक्षीदार व्हा. यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही: ‘उद्या माणूस बरा निघाला नाही तर माझं नाव खराब.’ पण त्या जाफन्याच्या मामांनी माझी हमी घेतली नव्हती. माझं डिझाइन त्यांनी पाहिलंही नव्हतं. त्यांनी मला फक्त तो एक तास मिळवून दिला. नाव पणाला न लावताही इतकं करता येतं.

महाराष्ट्रातून निघायच्या तयारीत असलेल्यांसाठीही थोडं. इकडे नोकरीचं पत्र मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर उठून या. मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत नोकरीच्या पत्राला वेगळे गुणही मिळत नाहीत. बँकेत तिघांच्या कुटुंबासाठी वीस हजार डॉलरहून अधिक रक्कम दाखवावी लागते, ती सगळे जमवतात. पण साक्षी कुणी जमवत नाही. अभियंत्याच्या परवान्याचा अर्ज भारतात असतानाच सुरू करता येतो. त्यात तुमचं काम जवळून पाहिलेल्या अभियंत्यांना तपशिलाने दुजोरा द्यावा लागतो: कोणती योजना, कोणता निर्णय तुम्ही घेतला, का घेतला. तुमचे साहेब निवृत्त व्हायच्या, त्यांचा ऑफिसचा ईमेल बंद व्हायच्या आधी हे लिहून ठेवा, त्यांच्याशी बोलून ठेवा. पुण्यातली जुनी कंपनी सोडताना भांडून सोडू नका, हेही आलंच. आणि घरच्यांनो, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘लागली का गं नोकरी?’ विचारू नका. लागली की ती आपणहून सांगेल.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या यंदाच्या वार्षिक सभेत मी एक सूचना मांडली. सभासदांनी आपापलं क्षेत्र लिहून द्यावं, नव्या माणसाला त्याच्या क्षेत्रातला एक सभासद जोडून द्यावा, आणि त्या सभासदाने त्याचा बायोडेटा वर्षात निदान एका टेबलापर्यंत पोचवावा. खजिनदारांनी विचारलं, यासाठी तरतूद कुठून करायची? म्हटलं, खर्च काहीच नाही. मग विषय ‘पुढील बैठकीत’ गेला. पुढची बैठक गणपतीच्या वर्गणीची आहे. लातूरच्या एका चार्टर्ड अकाउंटंट मुलीचा बायोडेटा सध्या माझ्याकडे आहे. मला ताळेबंदातलं काही कळत नाही, पण खजिनदारांना कळतं. तो घेऊन मी त्या बैठकीला जाणार आहे.