खतावणी मेघात, किल्ली कोणाकडे?

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. आणि तेथे संमत झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतकऱ्याच्या कर्जाचा भार हलका करण्याची मागणी होती. त्या कर्जाचे मूळ जसे नापिकीत होते, तसेच ऋणकोस वाचता न येणाऱ्या सावकाराच्या चोपडीतही होते. पुढे सहकारी सोसायट्यांनी ती चोपडी सभासदांच्या कचेरीत आणली. आता तीच कीर्द-खतावणी पुन्हा कचेरीबाहेर निघाली आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या, म्हणजे आपल्या गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांसारख्या संस्थांच्या, संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांचे हिशेब एका सामाईक ‘क्लाउड’ प्रणालीवर ठेवावयाचे आहेत. या शब्दाने बुजून जाण्याचे कारण नाही. आकाशातील मेघाशी याचा काही संबंध नाही. दूरच्या एखाद्या वातानुकूलित इमारतीत हजारो संगणक अहोरात्र चालू असतात. त्यांची शक्ती व साठवण इंटरनेटवरून भाड्याने घ्यावयाची, इतकाच याचा अर्थ. ॲमेझॉनने हा व्यवसाय २००६ साली आरंभिला. २०१५ साली मायक्रोसॉफ्टची अशी केंद्रे पुण्यात व मुंबईत सुरू झाली, तर २०१६ साली ॲमेझॉननेही मुंबईत ठाण मांडले.

याचे लाभ उघड आहेत. प्रत्येकाने स्वतःची विहीर खणण्याऐवजी नळ घ्यावा व वापराप्रमाणे पाणीपट्टी भरावी, तसे हे आहे. मार्चअखेरची वसुली व खरिपाच्या तोंडावरचे कर्जवाटप या दोन हंगामांत संगणकशक्ती अधिक घ्यावी, एरवी कमी. कचेरीत पाणी शिरले अथवा यंत्र बिघडले, तरी हिशेब अन्यत्र सुरक्षित राहावा. केळीचा व्यापारी असो, कारखानदार असो वा पतपेढी, लहान धंद्यासही मोठ्या कंपनीच्या तोडीची साधने यामुळे हाती येतात. म्हणून या पद्धतीस विरोध करणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

परंतु नळ दुसऱ्याच्या हाती असतो, हे विसरून कसे चालेल? ३१ जुलै २०२४ रोजी, अनेक लहान बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्याचे वृत्त आले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खबरदारी म्हणून ती यंत्रणा देशाच्या देयकव्यवहारापासून तोडली. आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली, हे खरे. तथापि दोष एका ठिकाणी आणि खोळंबा शेकडो ठिकाणी, हे सामाईक व्यवस्थेचे स्वरूप त्या दिवशी लख्ख दिसले.

आमच्या मते सोसायटीच्या संचालकांनी, तसेच प्रत्येक व्यापाऱ्याने, करारावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हिशेबाची पूर्ण प्रत ठरावीक काळाने आमच्या स्वतःच्या ताब्यात मिळेल काय? सेवा सोडावयाची झाल्यास सर्व माहिती दुसरीकडे नेता येईल अशा रूपात परत मिळेल काय? संपर्क तुटल्या दिवशी काम कसे चालावे? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : सभासदास आपले खाते मराठीत, केव्हाही, कोणाची मनधरणी न करता पाहता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे लेखी नसतील, तर स्वस्त भाडे अंती महागात पडेल.

यंत्र भाड्याचे असण्यास हरकत नाही. हिशेबावरील हक्क मात्र भाड्याने देता येत नाही. शेतकऱ्यास न वाचता येणारी चोपडी सावकाराच्या पेटीत असली काय आणि मुंबईच्या संगणकात असली काय, त्याच्या दृष्टीने फरक तो कोणता?