मिठाची बरणी आणि अँटी-रस्टचे साडेसहा हजार

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे. विषय आहे गंज. लोखंडावरचा.

आधी मुद्दा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते पुढच्या टॅबवर जायला मोकळे. सोलापुरात नवीन कार घेणाऱ्या माणसाला शोरूममध्ये जे 'अँटी-रस्ट ट्रीटमेंट' नावाचं प्रकरण चिकटवलं जातं, ते त्याला नको असतं आणि त्याच्या गाडीलाही नको असतं. ते हवं असतं फक्त विकणाऱ्याला. हे मी 'मार्केटिंग म्हणजे सगळी लुटालूट' छापाच्या रागातून म्हणत नाहीये. जिथे गंजाने गाड्या खरोखर मरतात अशा ठिकाणी मी दोन हिवाळे काढले आहेत, आणि म्हणूनच हा माल सोलापुरात विकलेला बघून डोकं फिरतं.

झालं असं की माझा चुलतभाऊ, जो अजून भवानी पेठेतच राहतो (मी पळालो पुण्याला, तो राहिला), त्याने पहिली कार बुक करायला घेतली. कोटेशनचा फोटो मला पाठवला. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, आणि खाली बारीक अक्षरात 'प्रोटेक्शन पॅकेज'. त्यात गाडीच्या पोटाला मारायच्या काळ्या कोटिंगचे साडेसहा हजार, त्याखाली 'टेफ्लॉन' वेगळं. मी सेल्समनला फोन लावला. पोरगा नम्र होता, पाठ केलेलं बोलत होता. म्हणाला, "सर, फॉरेनमध्ये तर याच्याशिवाय कुणी गाडी घेतच नाही. तिकडं गाड्या चार वर्षांत सडतात."

सडतात. पण का सडतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं त्याला काही कारणही नव्हतं.

तर चला फॉरेनला. कंपनीने मला डेट्रॉइटजवळ पाठवलं होतं. हे शहर म्हणजे मोटारींची पंढरी, आणि गंमत म्हणजे त्याच शहराच्या पोटात, साधारण साडेतीनशे मीटर खोल, मिठाची खाण आहे. १९१०च्या सुमारास सुरू झालेली. तिथलं मीठ आज मुख्यतः रस्त्यावर टाकायला जातं. म्हणजे वर गाड्या बनवायच्या आणि खालून त्या खाणारं मीठ उपसायचं! रस्त्यावर मीठ टाकायचे प्रयोग अमेरिकेत १९३८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने सुरू केले, आणि आता देशभर वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास मीठ असं रस्त्यांवर पडतं. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, बर्फ वितळतो, गाड्या घसरत नाहीत, माणसं वाचतात. त्यामुळे मीठ टाकणाऱ्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही. पण उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ दमतं, म्हणून मग त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. खरी ग्यानबाची मेख इथे आहे, तिच्याकडे येतो.

तिथे माझ्या शेजारच्या क्यूबमध्ये बसणाऱ्या एकाची दहा-बारा वर्षांची पिकअप होती. टायर बदलायला त्याने जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी गेली नाही. पत्रा पापडासारखा मोडून जॅक आत शिरला. आणि हे फक्त पत्र्याचं नाही, चेसीसुद्धा सुटत नाही. २०१६ मध्ये टोयोटाने टॅकोमा, टुंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या गंजणाऱ्या फ्रेमबद्दलचा अमेरिकेतला सामूहिक दावा मिटवला. साधारण १५ लाख गाड्या, आणि खर्चाचा अंदाज ३.४ अब्ज डॉलरपर्यंत. तेव्हा तिकडचा माणूस दरवर्षी हिवाळ्याआधी गाडीखाली तेलकट किंवा मेणकट फवारा मारून घेतो आणि थंडीभर खालून पाण्याने धुतो, तो वेडा नाही. त्याच्या जागी मीही तेच करेन.

आता ती मेख. लोखंड गंजायला ऑक्सिजन लागतो हे आपण सातवी-आठवीत शिकलो, पण त्याच्या जोडीला पाणी लागतं, आणि पाणी म्हणजे बादलीभर नाही, पत्र्यावर न दिसणारा ओलसर थर पुरतो. स्वच्छ पत्र्यावर हा थर हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की कामाला लागतो. मीठ दोन गोष्टी करतं. एक, त्या पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं, आणि गंज ही शेवटी एक बॅटरीच आहे. दोन, हवेतलं पाणी ओढून घेऊन पत्रा ओला ठेवतं. साधं मीठ पंचाहत्तर टक्के आर्द्रतेला पाझरायला लागतं. मॅग्नेशियम क्लोराइड तेहेतीस टक्क्यांनाच! म्हणजे अशी गाडी कोरडी म्हणून होतच नाही.

हे सगळं समजायला लॅब नको, आपल्या स्वैपाकघरातली खडेमिठाची बरणी पुरते. खडेमीठ समुद्राचं, त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतंच. माझी सासुरवाडी रत्नागिरी. तिथे जूनमध्ये बरणीत हात घातला तर मिठाला पाणी सुटलेलं असतं, चमचा बुडतो. सोलापूरच्या घरी काकूंच्या बरणीतलं मीठ श्रावणातले काही दिवस सोडले तर वर्षभर खडखड वाजतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खारा वारा. सोलापुरात साडेपाचशे ते सातशे, आणि एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर. ज्या गावात मीठ ओलं होत नाही, आणि रस्त्यावर तर ते नाहीच, तिथे मिठाच्या भीतीवर साडेसहा हजार घ्यायचे म्हणजे वाळवंटात लाइफ जॅकेट विकण्यातला प्रकार झाला. ज्या गावाने वर्षानुवर्षं चार-चार दिवसांआड नळाचं पाणी पाहिलंय, त्या गावाला!

"अरे पण आमची फियाट सडली होती ना," असं काका म्हणतात. खरं आहे. प्रीमियर पद्मिनीच्या फ्लोअरला भोकं पडायची आणि खालून रस्ता दिसायचा, ही आपल्या आधीच्या पिढीची सार्वजनिक आठवण आहे. (मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा भरून आलेल्या पोस्टी पडल्या, पण फ्लोअरबद्दल कुणी लिहिलं नाही.) मात्र त्या काळचा पत्रा आणि आजचा पत्रा यांत मोठा फरक आहे. आज कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि वीज लावून रंग पत्र्यावर ओढून घेतात. बाहेरून ब्रश पोचणार नाही अशा आतल्या सांध्यांमध्येसुद्धा तो बसतो. जाडी वीसेक मायक्रॉन, मग दीडशे अंशांच्या वर भट्टीत भाजणं. कित्येक भागांना त्याआधीच जस्ताचा थर असतो, आणि ओरखडा पडला तर जस्त आधी स्वतःला झिजवतं, लोखंडाला नंतर हात लागतो. जोडांवर सीलंट, चाकाच्या कमानीत प्लॅस्टिकचं लायनर. या सगळ्यावर शोरूमच्या मागच्या शेडमध्ये एक पोरगा अर्ध्या तासात जे काळं फवारतो, ते काय नवीन घालणार?

उलट घालवू शकतो, आणि इथेच 'साडेसहा हजारच तर आहेत, जाऊ दे' हा युक्तिवाद संपतो. दरवाजाच्या खाली, सिलच्या खाली कारखान्याने पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात. फवारा मारताना ती झाकली नाहीत तर बुजतात, आणि पाणी आत साठतं. म्हणजे सोलापुरात जो गंज आला नसता तो आपण पैसे देऊन बोलावला. दुसरं, डांबरी किंवा रबरी थर आपल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत काही वर्षं तापला की कडक होतो, तडकतो. त्या तडीतून धूळ आणि पाणी आत जातं आणि थराखाली दबून बसतं. वरून काळंभोर, आतून चालू आहे उद्योग. गंजलेलं लोखंड फुगून मूळ जागेच्या कितीतरी पट जागा व्यापतं, त्यामुळे तो थर आतून उचलला जातो. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

टेफ्लॉनबद्दल एकच वाक्य: तव्यावर टेफ्लॉन बसतं ते साडेतीनशे अंशांच्या वर भाजल्यामुळे, आणि तुमची गाडी, वायर-प्लॅस्टिक-सीटांसकट, कुणी त्या भट्टीत घालत नाही. (घातली तर फोटो पाठवा :-))

'इलेक्ट्रॉनिक रस्ट प्रोटेक्शन' म्हणून एक डबी बॅटरीला जोडायला विकतात, तिचीही हकिकत अशीच. जहाजाला, जमिनीखालच्या पाइपलाइनला वीज देऊन गंज रोखता येतो, कारण ती पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात, सर्किट पूर्ण होतं. गाडी हवेत उभी असते. असली यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९०च्या दशकातच फसव्या दाव्यांबद्दल कारवाई केली होती. आपल्याकडे मात्र जुनं नाटक नव्या संचात लागायला वेळ लागत नाही.

म्हणजे मग सोलापुरात कुणालाच गंजाची काळजी नको का? असं मी म्हणत नाही. आपल्या गावात मीठ आहेच, फक्त ते रस्त्यावर नाही. सुताला पक्का रंग चढवायला डाइंगमध्ये पोत्यांनी मीठ लागतं. टॉवेल-चादरीच्या धंद्यात ज्यांचा टेम्पो ही पोती वाहतो, त्याचा हौदा बघा. खत वाहणारी पिकअप बघा. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा चुलतभाऊ, आणि युरिया सांडला की हवेतलं पाणी तोही ओढतो. या गाड्यांना खरोखर संरक्षण लागतं: हौदा रोज झाडणं, आठवड्याला धुणं, सांध्यांत दरवर्षी तेलकट फवारा. पण त्या टेम्पोवाल्याला कुणी एसी शोरूममध्ये बसवून कॉफी देऊन हे सांगत नाही. त्याचा मेस्त्री जळकं ऑइल फडक्याने फासतो, आणि सांगायला वाईट वाटतं, पण (जमिनीत आणि गटारात मुरणारी घाण सोडली तर) ते शोरूमच्या डांबरापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

कोकणातल्यांनी, मुंबईत समुद्राजवळ गाडी उघड्यावर लावणाऱ्यांनी वरचं सगळं स्वतःला लावून घेऊ नये. तुमच्याकडे मासळीच्या ट्रकमधून गळणारं खारं पाणीच रस्त्यावर असतं. तुम्ही दर पावसाळ्याआधी मेणकट प्रकारचं कोटिंग मारून घ्या, भोकं मोकळी आहेत ना ते उभं राहून बघा, आणि पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्याने धुवा.

आता ज्या गोष्टीने मला हे लिहायला बसवलं ती. नव्या गाडीत साडेसहा हजार गेले, ठीक, रडून झोपू. पण हाच काळा थर जुन्या गाडीच्या बाजारात मेकअप म्हणून वापरला जातो, आणि तिथे प्रश्न पैशाच्या पुढे जातो. किनाऱ्यावर आठ-दहा वर्षं काढलेल्या गाड्या आत देशावर स्वस्तात येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर बुडालेल्या गाड्या पुसून-पासून कुठे कुठे विकल्या गेल्या हे आठवत असेल. अशा गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग मारला की सोलापूरचा गिऱ्हाईक खूश, कारण 'अँटी-रस्ट केलेली आहे' हे आपणच त्याला चांगलं लक्षण म्हणून शिकवलंय! त्या काळ्याखाली सस्पेन्शन जिथे सांगाड्याला बसतं, सीटबेल्ट जिथे बोल्टने धरलेला असतो, तो पत्रा कसा आहे हे कुणालाच दिसत नाही. अपघातात गाडीने ज्या जागी मोडायचं ठरवलेलं असतं ती जागा सोडून ती भलतीकडेच मोडते. हैदराबाद रोडवर शंभरच्या स्पीडला ही चाचणी घ्यायची इच्छा मला नाही.

तेव्हा एमएच-०७, ०८ किंवा मुंबईच्या पासिंगची जुनी गाडी बघायला गेलात तर लिफ्टवर चढवायला लावा. नकार आला तर चहा पिऊन परत या. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात हात फिरवा. सीटबेल्टचे बोल्ट, दाराच्या रबराखालचा काठ, कार्पेटखालचा फ्लोअर बघा. जॅक पॉइंटजवळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद् करतो. आठ वर्षांची गाडी आणि पोट मात्र कालच रंगवल्यासारखं काळं कुळकुळीत, तर भाव पाडत बसू नका, सरळ सोडा.

आणि चुलतभावाचं काय? त्याला मी दुसरी यादी दिली. सोलापुरात गाडी मारतं ते ऊन. बॅटरी उन्हाने लवकर जाते, वायपरचं आणि दाराचं रबर तडकतं, डॅशबोर्ड फाटतो, टायर वय होण्याआधी म्हातारे होतात. शेड, नसेल तर सुती कव्हर. कूलंट वेळेवर. पावसाळ्यात शेतावर जाऊन आलास तर चाकाच्या कमानीतली काळी माती त्याच दिवशी पाइपाने काढ, कारण ती माती ओल धरून ठेवते आणि सोलापुरात खासगी गाडीला गंज लागलाच तर पहिल्यांदा तिथेच. वर्षातून एकदा दाराखालची भोकं काडी घालून मोकळी कर. सगळ्याचा खर्च हजाराच्या आत.

त्याने पॅकेज काढायला सांगितलं. सेल्समन म्हणाला, "सर, मग डिलिव्हरी आठवडाभर पुढं जाईल, गाडीला कोटिंग आधीच मारलेलं आहे." म्हणजे विचारायच्या आधीच मारलेलं! भावाने लेखी मागितलं की हा ऑप्शन आहे का कंपल्सरी. दोन तासांनी नवीन कोटेशन आलं, साडेसहा हजार वजा, टेफ्लॉन वजा, डिलिव्हरीची तारीख तीच. गाडी दुसरी दिली. आधीची, काळ्या पोटाची, अजून शोरूमच्या आवारात उभी आहे म्हणे.