कुलूप हा इलाज नाही

अब्बा रात्री घराबाहेर पडतात, म्हणून दाराला बाहेरून कुलूप! अक्कलकुव्यात काय, नंदुरबारमध्ये काय, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांवर आपला ठरलेला इलाज हाच. कुणी ‘म्हातारचळ’ म्हणतो, कुणी ‘असर झालाय’ म्हणून तावीज आणतो. डॉक्टरकडे गेलोच तर झोपेची गोळी मागतो. तिने पडझडीचा धोका वाढतो, याची फिकीर नाही. माणूस निघाला कुठे होता, हे मात्र कुणीच विचारत नाही. माझे भांडण या न विचारण्याशी आहे.

पन्नास वर्षे फजरला मशिदीत गेलेला माणूस रात्री दोनला वुजू करून निघतो, तेव्हा तो भटकत नसतो. वेळेचे भान गेलेले असते, सवय शाबूत असते. दुसऱ्याला लघवी लागलेली असते, संडास सापडत नाही. तिसऱ्याचे गुडघे ठणकतात, सांगायला शब्द उरलेले नसतात. कारण वेगळे, तर उपाय एकच कसा?

अमेरिकेतील परिचारिका-संशोधक डोना अल्गासे यांनी यासाठी मोजपट्टी बनवली. सततच्या येरझाऱ्या, वाट चुकणे आणि घरातून निघून जाणे या गोष्टी ती वेगवेगळ्या नोंदवते. आपल्याला वहीचे पान पुरे: किती वाजता उठले, कोणत्या दिशेला निघाले, त्याआधी काय घडले, कशाने शांत झाले. पंधरा दिवस लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. लिहिण्याचे आणि जागण्याचे काम एकट्या सुनेवर ढकलू नका. मुलगेही घरातच असतात.

कुलूपवाले म्हणतील, बाहेर महामार्ग आहे, ट्रक आहेत, पलीकडे गुजरात. भीती खरी आहे. म्हणूनच दाराला घंटी लावा, खिशात फोन नंबर ठेवा, शेजारी, मुअज्जिन, रिक्षावाले यांना सांगून ठेवा. हरवलेच तर चोवीस तास थांबा असा कोणताही कायदा नाही. लगेच ११२ लावा. पण बंद घरात एकट्या माणसाभोवती आग लागली, तर चावी कोण आणणार?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. लाज वाटण्यासारखे यात काही नाही. सर्व काही जाणल्यावर काहीच न जाणण्याच्या वयाचा उल्लेख कुरआनच्या सूरह नहलमध्येही आहे. आई-वडिलांना ‘उफ्’ही म्हणू नये, हे आपण बयानात ऐकत आलो. तोंडाने ‘उफ्’ न म्हणता दाराला कुलूप घालणे, ही त्यातून काढलेली पळवाट आहे.