रात्री 10 नंतर

छत्रपती संभाजीनगरात वर्षानुवर्षे नळाला पाणी आलं ते काही दिवसांआड, कित्येक वस्त्यांत अवेळी. मोटार सुरू होते, पिंपं सरकतात, दिवे लागतात. इतर मुलं कूस बदलून झोपतात. स्वमग्न मूल मात्र एकदा जागं झालं की पहाटेपर्यंत जागंच राहू शकतं, आणि त्याच्यासोबत आईही.

निम्म्याहून अधिक स्वमग्न मुलांना झोपेच्या तक्रारी असतात. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेची 2020 ची मार्गदर्शिका आधी सवयींकडे वळते: ठरलेली वेळ, रोज तोच क्रम. बद्धकोष्ठता, फिट्स यांचीही तपासणी हवी. मेलाटोनिन त्यानंतर, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

घरातला दिवा पालक मंद करतील. गल्लीतला डीजे कोण करणार? निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. पोलिसांनी ती पाळायला लावावी. महापालिकेने पाणी दिवसा, वेळ आधी जाहीर करून सोडावं.