सही तिची, सातबारा त्याचा

बांधकामाची परवानगी हातात पडली की घरात पेढे येतात, गवंड्याचा शोध सुरू होतो, भटजींना मुहूर्त विचारला जातो. त्या कागदावर नाव कोणाचं आहे हे मात्र कोणी वाचत नाही. ते सासऱ्याचं, नवऱ्याचं किंवा दिराचं असणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. पैसा कोण उभा करणार, हे विचारलं की उत्तर वेगळं येतं.

माझं म्हणणं साधं आहे आणि बायकांच्या प्रत्येक बैठकीत मी ते मांडते. जागेच्या कागदावर नाव चढल्याशिवाय बाईने घराच्या कर्जावर सही करू नये. पुरुषांना हे ऐकवत नाही. आपल्यातल्याही काही जणींना ते टोकाचं वाटतं.

एम.एस.डब्ल्यू. करून मी पनवेल तालुक्यात कामाला लागले, त्याला दहा-अकरा वर्षं झाली. इथल्या घराच्या प्रश्नामागे जमिनीचा इतिहास आहे, तो बाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेतल्या जाऊ लागल्या. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जणांचे बळी गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. लढ्यात बायकाही रस्त्यावर होत्या. भूखंड मिळाले ते सातबारावर ज्यांची नावं होती त्यांना आणि त्यांच्या वारसांना. वारसांमध्ये लेकीही होत्याच. त्यांना माहेरी बोलावून, साडीचोळी करून, हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या. अशी हक्कसोडपत्रं मी ढिगाने पाहिली आहेत. भावाचं मन मोडायचं नाही म्हणून केलेली सही आणि आजच्या बाजारभावाने लाखोंची जागा, असा तो व्यवहार असतो.

पुढे विमानतळासाठी उलवे, तरघर, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावं उठली. लोकांना वडघर, वहाळ भागात भूखंड मिळाले आणि घरं ज्याची त्याने बांधायची होती. तिथेही मी पाहिलेले बहुतेक करारनामे घरातल्या कर्त्या पुरुषाच्याच नावाचे आहेत. आज पनवेलमध्ये परवानगीसाठी महानगरपालिकेत जा, सिडकोत जा, नाही तर 'नैना'च्या खिडकीवर जा, परवानगी मिळते ती मालकीचा कागद पाहूनच. म्हणजे जमिनीत झालेला अन्याय परवानगीत उतरतो आणि परवानगीतून कर्जाच्या फायलीत जातो.

आता पैशाचं बघू. पाचशे फुटांचं साधं घर, फुटाला दोन हजार धरले तरी दहा लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के रक्कम मिळू शकते. ऐकायला बरं वाटतं. पण बँक नऊ लाख एकदम हातात ठेवत नाही. आधी तुमचा हिस्सा घाला, जोतं उभं करा, बँकेचा इंजिनिअर पाहून जाईल, मग हप्ता सुटेल. मग स्लॅब, मग वीटकाम, मग प्लास्टर. प्रत्येक हप्त्याच्या आधी खर्च होऊन गेलेला असतो. शिवाय आर्किटेक्टची फी, विकास शुल्क, बोअर, बांधकामापुरता विजेचा मीटर आणि जुनं घर पाडलं असेल तर सहा-आठ महिने भाड्याची खोली. यातलं बरंचसं बँकेच्या हिशेबात बसतच नाही. सळईचा टेम्पो दारात उभा असतो, दुकानदार रोख मागत असतो आणि बँकेचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार असतो.

ही मधली फट कोण बुजवतं? तिच्या पाटल्या. बचत गटाचं कर्ज. दर आठवड्याला वसुलीला येणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज, जे बाईच्याच नावावर मिळतं. तिच्या माहेरून आणलेले उसने पैसे. पाणी मारण्याचं काम तर कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. स्लॅब पडला की निदान सात ते दहा दिवस तो ओला ठेवावा लागतो. हंडे कोण वाहतं ते सांगायला नको. वास्तुशांतीला आलेला पाहुणा मात्र म्हणतो, "शाब्बास, पोराने घर बांधलं!"

स्त्रीधन बाईच्या एकटीच्या मालकीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. पण पाटल्या मोडून सिमेंट आलं की त्या पाटल्या कुठे गेल्या ते सिद्ध करायला तिच्याकडे चिठोरंही नसतं. सोनाराची पावती नवऱ्याच्या नावाची, सिमेंटचं बिल दिराच्या नावाचं.

बँकेत तिला बोलावतात ते सहकर्जदार म्हणून. तिचा पगार किंवा शिवणकामाचं उत्पन्न धरलं की कर्जाची रक्कम वाढते. पंचवीस-तीस पानांवर फुल्या मारलेल्या असतात, तिथे तिथे सही करायची. सहकर्जदार म्हणजे संपूर्ण कर्जाला जबाबदार, निम्म्याला नव्हे, हे तिला कोणी सांगत नाही. आणि यातली खुबी पाहा. जो जो मालक असेल त्याला बँक कर्जदार करून घेते. जी जी कर्जदार आहे तिला मालक करा, असं मात्र बँक कधी म्हणत नाही.

नाव-गाव न देता एका बाईबद्दल सांगते. सासऱ्याच्या जागेवर घर बांधलं. तिने नोकरीच्या पगारावर कर्ज घेतलं, बचत गटाचे पन्नास हजार घातले. तीन वर्षांनी नवऱ्याने दुसरं घर केलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली तिला त्या घरात राहण्याचा आदेश मिळाला, तोही धावपळ करून. ती एका खोलीत राहते. प्रारंभ प्रमाणपत्र, घरपट्टी, वीजबिल, सगळं सासऱ्याच्या नावे आहे. कर्जाचा हप्ता चुकल्याचा संदेश मात्र तिच्याच मोबाइलवर येतो. "ताई, राहायला मिळालं हे खरं, पण हे घर माझं आहे का?" असं तिने मला विचारलं. सासरे हयात आहेत आणि दिराला वाटणी हवी आहे.

२०२०च्या सतीशचंदर आहुजा निकालाने सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरातही सुनेला राहण्याचा हक्क मागता येतो, हे मान्य झालं. मोठीच गोष्ट. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नाही. तो घेऊन बाई ना घर गहाण ठेवू शकते, ना लेकीला देऊ शकते.

सरकार म्हणेल, आम्ही तर बाईच्या नावाची अटच घातली आहे. घातली आहे, खरं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे असावं, असं योजनेत लिहिलेलं आहे. पण शहरी योजनेत स्वतः घर बांधायला अनुदान मागायचं तर आधी जागा स्वतःची लागते. जागा सासऱ्याच्या नावे असली की अटीचं काय होतं ते ज्या कार्यकर्त्या फॉर्म भरतात त्यांना विचारा. २०२१पासून राज्याने बाईच्या नावे घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. फ्लॅट घेणारीला ती उपयोगी पडते. सासरच्या जागेवर विटा रचणारीच्या हाती त्यातलं काही येत नाही.

"आधी रोजगार, आधी हिंसा, नावाचं मग पाहू," असं आपल्यातल्याच काही जणी म्हणतात. मार खाणारी बाई रात्री दोन वाजता कुठल्या दाराबाहेर उभी असते? ते दार तिचं असतं तर बाहेर कोण असतं? नावाचा प्रश्न हिंसेपासून सुटा काढताच येत नाही. शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने सांगली जिल्ह्यात परित्यक्तांसाठी घराच्या जागेची मागणी लावून धरली. २००३ साली शासनाने 'घर दोघांचे' म्हणत ग्रामपंचायतीच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावं लावायला सांगितलं. ती नोंद म्हणजे पक्की मालकी नव्हे, पण तेवढीही किती ग्रामपंचायतींत झाली आहे ते आपापल्या गावात जाऊन पाहा.

आणि नवरा म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही का?" बँकेचा त्याच्यावर पुरेसा विश्वास असता तर तिने हिची सही मागितलीच नसती.

परवानगी आणि पहिला हप्ता यांच्यामधले दिवस आपल्या कामाचे आहेत. त्या दिवसांत बाईच्या सहीवाचून घरातल्या सगळ्यांचं अडलेलं असतं. एकदा स्लॅब पडला की तिला कोणी विचारत नाही. उशीर झाला तर परवानगी जाईल, अशी भीती घातली जाते. नगररचना कायद्याच्या ४८व्या कलमाप्रमाणे परवानगी एक वर्ष चालते आणि वर्षावर्षाने आणखी तीन वर्षांपर्यंत वाढवून मिळू शकते. नाव चढवायला एवढा वेळ पुष्कळ झाला. राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने बायकोच्या नावे करायला राज्यात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागतो. मोकळ्या भूखंडासाठी आणि भाडेपट्ट्याच्या जागेसाठी दुय्यम निबंधकाकडे आणि सिडकोत आधी चौकशी करावी. जागा वडिलोपार्जित आणि वाटणी न झालेली असेल तर वकिलाला गाठावं. नाव चढणं अगदीच अशक्य असेल तर बाईचा पैसा तिच्याच खात्यातून जावा, सिमेंट-सळईची बिलं तिच्या नावाची असावीत आणि तिने किती घातलं याचा सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांचा करार कामाला हात लागण्याआधी व्हावा.

बचत गटांच्या महासंघांकडे माझी एक मागणी आहे. घरासाठी कर्ज मागायला आलेल्या बाईकडून जामीनदारांची नावं घेता, तसा जागेचा उतारा आणि परवानगीची प्रतही मागा. त्यावर तिचं नाव नसेल तर कर्ज मंजूर करण्याआधी तिच्या सासरच्यांना बैठकीला बोलवा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घराचा उतारा सोबत आणावा.