फॉरमॅट करायला देण्याआधी

ज्या घरात अब्बांना इनपेज लागते आणि मुलाला किंवा मुलीला कॉलेजसाठी लिनक्स, त्या घरात एकाच संगणकावर दोन प्रणाली नांदतात. इनपेज हे विंडोजचे सॉफ्टवेअर. लग्नपत्रिका, उर्दू शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळे त्यातच. डिप्लोमा आणि बीसीएच्या मुलांना मात्र उबुंटू हवे असते. दोन संगणक घेणे सगळ्यांना परवडत नाही, म्हणून ही सोय. बटण दाबले की पडद्यावर यादी येते, बाणाच्या कळीने हवी ती प्रणाली निवडायची आणि एंटर मारायचे.

मग एके दिवशी ती यादीच येत नाही. गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे तीन पालक हीच तक्रार घेऊन आले. तिघांनाही दुकानात एकच उत्तर मिळाले होते : फॉरमॅट मारावे लागेल. त्यांतल्या एका मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट उबुंटूच्या भागात होता आणि जमा करायला चार दिवस उरले होते. "सगळंच जाणार का हो?" तिच्या अम्मीने विचारले. काहीच गेले नव्हते. दहा मिनिटांत यादी परत आली. फॉरमॅट केले असते तर मात्र प्रोजेक्टही गेला असता आणि अब्बांच्या आठ वर्षांच्या फायलीही.

यादी दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे नाव ग्रब. दुकानाची पाटी पडली म्हणून आतला माल नाहीसा होत नाही, तसेच हे आहे. नव्या संगणकांत डिस्कवर एक लहानसा वेगळा भाग असतो. त्यात विंडोज सुरू करणारी फाईल आणि उबुंटू सुरू करणारी फाईल शेजारी शेजारी असतात. आधी कोणती उघडायची तो क्रम मदरबोर्ड स्वतःच्या आठवणीत ठेवतो. विंडोजचे मोठे अपडेट झाले, बायोस अपडेट झाले किंवा बायोसच्या सेटिंग मूळपदावर गेल्या, की हा क्रम बदलू शकतो. विंडोज वर जाते, उबुंटू खाली. संगणक मुकाट्याने विंडोजमध्ये जातो आणि घरात ओरड होते की लिनक्स उडाले.

म्हणून पहिली तपासणी ही. संगणक बंद करा. चालू करताच बूट मेनूची कळ भराभर दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९. येणाऱ्या यादीत 'उबुंटू' दिसले तर ते निवडा. सुरू झाले, तर तुमचा माल शाबूत आहे. आता बायोसमध्ये जाऊन बूट क्रमात उबुंटूला विंडोज बूट मॅनेजरच्या वर आणा आणि सेव्ह करून बाहेर पडा. त्या मुलीच्या संगणकावर एवढेच केले होते.

एक खबरदारी. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आधीच शोधून कागदावर उतरवून ठेवा. बहुधा ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, आणि ते खाते कोणाच्या ईमेलवर उघडले हे घरात कोणालाच आठवत नसते. भाईजानचे की दुकानदाराने स्वतःचे दिले, याचा आधी छडा लावा.

बूट मेनूतही उबुंटू दिसत नसेल तर पेन ड्राइव्ह लागेल. त्यावर उबुंटू टाकून संगणक त्यावरून सुरू करा आणि 'ट्राय उबुंटू' निवडा. 'इन्स्टॉल' नव्हे. इथे घाई नको. सगळ्यात आधी प्रोजेक्ट, फोटो, प्रश्नपत्रिका दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. पेन ड्राइव्हवरच्या उबुंटूमधून दोन्ही भाग उघडता येतात, फक्त बिटलॉकर असेल तर की द्यावी लागते. मग इंटरनेट जोडून बूट-रिपेअर नावाचे मोफत साधन टाका आणि त्यातले 'रेकमेंडेड रिपेअर' हे बटण दाबा. ते ग्रब नव्याने बसवते. पेन ड्राइव्ह मात्र यूईएफआय पद्धतीनेच सुरू झालेला हवा. जुन्या लेगसी पद्धतीने सुरू झाला तर दुरुस्ती चुकीच्या जागी होते.

कधी उलटे घडते : यादी येते, पण तिच्यात विंडोज नसते. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधण्याचे काम मुळातच बंद ठेवलेले असते. ते सुरू करायला उबुंटूतल्या 'ईटीसी' फोल्डरमधील 'डिफॉल्ट'मध्ये 'ग्रब' नावाची फाईल उघडा. 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' या ओळीपुढे 'फॉल्स' लिहा, सुरुवातीला हॅश असेल तर तो काढा. मग टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. काही सेकंदांत विंडोज सापडल्याची ओळ दिसते.

आणि 'ग्रब रेस्क्यू' असे लिहिलेला काळा पडदा आला तर? बहुधा कोणीतरी जागा हवी म्हणून विंडोजमधून लिनक्सचा भाग पुसलेला असतो. आधी घरात विचारा. विंडोज तरीही बूट मेनूमधून सुरू होते; पुसलेल्या भागातल्या फायली हव्या असतील तर त्या जागेवर नवे काहीही लिहू नका आणि जाणकाराकडे जा.

ऑगस्ट २०२४ मधला प्रकार वेगळा होता. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटनंतर जगभर अनेकांचे लिनक्स सुरू होईना, पडद्यावर 'एसबॅट'चा उल्लेख असलेला इंग्रजी संदेश येई. तसा संदेश दिसला तर सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून उबुंटूत शिरता येते. वर सांगितलेली रिकव्हरी की तेव्हाही जवळ असू द्या.

यादी परत आली की घरात दुसरा वाद सुरू होतो : आधी कोण? काहीच न दाबता थांबले तर सहसा उबुंटू उघडते आणि अब्बा चिडतात. त्याच फाईलमध्ये 'ग्रब डिफॉल्ट'पुढे आकडा असतो. मोजणी शून्यापासून होते, म्हणजे विंडोज तिसऱ्या ओळीवर असेल तर आकडा २. लिहून झाल्यावर 'अपडेट-ग्रब' पुन्हा द्यायला विसरू नका.

जाता जाता घड्याळाचे. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलात आणि वेळ साडेपाच तास मागे दिसली तर बॅटरी बदलू नका. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच भारतीय वेळ समजते. विंडोजवर अजानचे सॉफ्टवेअर असेल तर फज्रची अजान सकाळी साडेदहा-अकराला ऐकू येईल. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा एकदा दिली की दोन्हीकडे घड्याळ जुळते.