दूरध्वनीचे आकडे कोणाचे?

आपल्या बडोद्यातील घरच्या दूरध्वनीचा क्रमांक सात आकडी. त्याआधी गावाचा २६५ जोडला की दहा आकडे पुरे होतात. या सातांपैकी पहिला आकडा कंपनीची खूण असतो, हे थोड्यांच्याच ध्यानात येते. २ ने सुरू होणारा क्रमांक भारत संचार निगमचा, ४ ने सुरू होणारा एअरटेलचा, अशी वाटणी केंद्राच्या दूरसंचार खात्याने केलेली आहे. ग्राहकास क्रमांक देते कंपनी, परंतु कंपनीस तो मिळतो सरकारकडून. म्हणजे ही संपत्ती सार्वजनिक आहे.

या वाटणीचा हिशेब मात्र एकदा मांडून पाहावा. सात आकडी क्रमांकातील पहिला आकडा एका कंपनीस दिला की दहा लक्ष क्रमांक तिच्याकडे जातात. सहा आकडी क्रमांकाच्या गावी एक लक्ष. मग तेथे तिचे ग्राहक हजारो असोत वा मूठभर. देशात असे विभाग अडीच हजारांवर आहेत आणि एका विभागात पडून असलेला क्रमांक दुसऱ्यास उपयोगी पडत नाही. मैफलीत कोणी दहा रांगा अडवून चार माणसे बसवावीत आणि बाकीच्या रसिकांनी दाराशी ताटकळावे, तसाच हा प्रकार.

अमेरिकेने याचे फळ आपल्याआधी भोगले. १९९६ च्या कायद्याने तेथे स्थानिक दूरध्वनीसेवेत स्पर्धा आली. प्रत्येक नव्या कंपनीस प्रत्येक विभागात एकदम दहा हजार क्रमांक मिळत. परिणामी क्रमांक संपत चालले, एकाच शहरास दुसरा संकेतांक द्यावा लागला आणि शेजाऱ्यासाठीही दहा आकडे फिरवणे अनेकांच्या नशिबी आले. २००० साली तेथील नियामकाने दहा हजारांऐवजी हजारहजारांच्या गठ्ठ्यांनी वाटप करण्याचा व न वापरलेले परत घेण्याचा मार्ग धरला.

आपल्याकडे २००३ ची क्रमांक-योजना २०३० पर्यंत ७५ कोटी जोडण्या धरून आखली होती. तो आकडा २०१० मध्येच ओलांडला गेला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये शिफारस केली, की घरच्या दूरध्वनीसाठी लहान विभागाऐवजी संपूर्ण सेवाक्षेत्र हा वाटपाचा पाया मानावा आणि पडून असलेले क्रमांक परत घ्यावेत. गावातल्या गावातही शून्य व संकेतांक लावावा लागेल. जुने क्रमांक मात्र कायम राहतील. ही तोशीस सोसण्याजोगी आहे.

तथापि एक उणीव उरतेच. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा मोबाईलधारकांस २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. घरच्या दूरध्वनीस ती नाही. ज्या कुटुंबाचा क्रमांक लग्नपत्रिकांवर आणि दुकानाच्या पाटीवर वर्षानुवर्षे छापला गेला, त्याने सेवेला कंटाळून कंपनी सोडली तर क्रमांकही सोडावा लागतो. कारण पहिला आकडा कंपनीचा. क्रमांक ही जर सार्वजनिक संपत्ती, तर तो ग्राहकापाशी राहण्याची सोय हवी. वाटणी सुधारताना सरकारने हेही पदरात घालावे.